मामा आणि निळा तळहात

त्या सिनेमांच्या मालिकेतला एकही भाग आमच्या मामांना आवडला नाही, आणि एकही भाग त्यांनी चुकवला नाही. दोन-तीन वर्षांनी नवा भाग यायचा. पहिल्याच आठवड्यात मामा स्वतः रांगेत उभं राहून तिकीट काढायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि मल्टिप्लेक्सच्या गारठ्यासाठी भर मे महिन्यात हातात स्वेटर घेऊन निघायचे. अडीच तास पापणी न हलवता सिनेमा बघायचे. बाहेर आले की म्हणायचे, "मागच्यापेक्षा वाईट आहे." हे म्हणताना चेहऱ्यावर समाधान असं, की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला केवढा आवडला आहे सिनेमा. आता मामा नाहीत. नवा भाग आला की तो नेमका किती वाईट आहे हे आम्हाला आमचं आम्हीच ठरवावं लागतं, आणि ते काही तितकं बरोबर जमत नाही.

"आवडत नाही तर जाता कशाला?" हा मामींचा दर वेळचा प्रश्न.

"न बघता नावं ठेवणं हा अडाणीपणा," हे मामांचं दर वेळचं उत्तर. "जॉब हातात न घेता रिजेक्ट लिहिता येत नाही."

मामा पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. कारखान्यात जॉब म्हणजे नोकरी नव्हे. मशीनवरून उतरलेला लोखंडी तुकडा म्हणजे जॉब. तो मापात आहे की नाही हे तपासायचं आणि तीनपैकी एक निकाल द्यायचा: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. रिवर्क म्हणजे पुन्हा मशीनवर चढवला तर सुधारेल असा. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण निकाल देणं सुटलं नाही. मामींची आमटी, दापोडीचा पूल, टीव्हीवरच्या बातम्या, सगळ्यांना शिक्के बसायचे. मला इंजिनियरिंगला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा पेढा खाऊन मामा म्हणाले होते, "पेढा पास. तू रिवर्क." मी आज पन्नाशी ओलांडली आहे. निकाल बदलल्याचं मला कोणी कळवलेलं नाही.

सिनेमाचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही. निम्म्या जगाला ते पाठ आहे, आणि मी लिहिलं तर त्यातले चार जण पत्र पाठवून माझी एक तरी चूक दाखवतील. गोष्ट साधारण अशी. दूरच्या एका ग्रहावर खाणीत राबणारा एक तरुण. एके दिवशी त्याच्या तळहातातून निळा उजेड फुटतो. तो उजेड फक्त जुन्या राजघराण्याच्या रक्तात असतो, म्हणजे हा हरवलेला राजपुत्र. मग अवकाशयानं, लढाया, काळा झगा घातलेला एक दुष्ट माणूस, जो शेवटी याचाच चुलता निघतो. पुढच्या भागात राजपुत्राची मुलगी, त्याच्या पुढच्या भागात नातू. आमच्या घरी या सगळ्या प्रकरणाला 'यानपट' म्हणत.

मामांना या यानपटाच्या वाटेला लावलं मी. हिंजवडीला जाणारा रस्ता अजून मोकळा असायचा, कंपनीची बस वेळेवर पोचायची आणि गळ्यात ओळखपत्र लटकवून भाजी आणायला गेलं की भाजीवाली 'साहेब' म्हणायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. मामांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा त्याच कंपनीत टेस्टिंगमध्ये होती. बाप लोखंडातल्या चुका काढायचा, लेक सॉफ्टवेअरमधल्या. तिने सर्वांत जास्त चुका ज्याच्या कामात काढल्या तो मुलगा म्हणजे केदार, आणि वर्षभर चुका काढून झाल्यावर एके दिवशी कँटीनमध्ये तिने मला सांगितलं, "दादा, मला याच्याशी लग्न करायचंय."

"मामांना सांगितलंस?"

"तू सांग."

"मी का?"

"तुझं बोलणं ते मनावर घेत नाहीत, म्हणून. थोडं थोडं कानावर जाईल. पण एक सांगते. पप्पा मनापासून हो म्हणाले तरच. भांडून, रुसून, पळून मला काही करायचं नाही."

केदार कसबा पेठेतल्या जुन्या घरातला. आम्ही बौद्ध. माझ्या डोक्यात जी अडचण होती ती तुमच्याही डोक्यात आली असेल. पण अडचण तिथे नव्हतीच. केदारचे वडील, नाना, हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलाने घरी सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली न ठेवताच निकाल दिला होता: "मुलगा सत्ताविसाव्या वर्षी यानांची खेळणी जमवतो. त्याला कोणी मुलगी देत असेल तर मी पत्ता विचारणार नाही." एक आत्या रुसली, पण ती आधीपासूनच रुसलेली होती. मामांनीही जात विचारली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगा कसा आहे?" या साध्या प्रश्नाला मी साधं उत्तर द्यायला हवं होतं. त्याऐवजी मी एक युक्ती काढली.

माणूस आपल्या आवडीच्या जागी खुलतो, असा माझा एक सिद्धांत होता. केदारला यानपटाचं वेड होतं, नवा भाग त्याच आठवड्यात शुक्रवारी लागत होता, तेव्हा मामांनी त्याला तिथेच भेटावं असं मी ठरवलं. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुका मी अशाच पूर्ण विचार करून केलेल्या आहेत.

पुण्यात एका आवडीची चार माणसं भेटली की मंडळ होतं, मंडळ झालं की चिटणीस लागतो, आणि चिटणीस मिळाला की कार्यकारिणीत भांडण होतं. यानपटाच्या चाहत्यांचंही मंडळ होतं. आमचे टीम लीड त्याचे अध्यक्ष, केदार चिटणीस, आणि मी सभासद. मला सिनेमा बेताचाच आवडायचा, पण अध्यक्षच माझं वर्षाचं मूल्यमापन करत असल्यामुळे माझी निष्ठा ठाम होती. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला मंडळाचे सत्तावीस सभासद झगे घालून, तळहात निळ्या रंगाने रंगवून दारात उभे राहत. मामा आणि मी रिक्षातून उतरलो तर केदार पुढे आला. प्रज्ञाने त्याला पढवून ठेवलेलं होतं. त्याने निळा तळहात छातीशी नेला आणि म्हणाला, "जय भीम, काका."

मामांनी त्या निळ्या हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मुलगा बराच तयारीने आलाय रे."

"मामा, ते सिनेमाचं आहे. सगळ्यांचेच आहेत."

मामांनी बाकीच्या सव्वीस जणांकडे नजर फिरवली. "अस्सं," म्हणाले. तेवढ्यात केदारने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. रंग अजून ओला होता. मामांच्या बदामी पँटवर, दोन्ही पायांवर घोट्याच्या वर पाच-पाच निळी बोटं उमटली. मामींनी पुढे साबण, लिंबू, रॉकेल सगळं करून पाहिलं. बोटं गेली नाहीत.

आत राजपुत्राच्या नातवाच्या हाताला उजेड फुटला तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. मामा बसलेले. त्यानंतर बऱ्याच वेळाने, एका लढाईच्या मध्ये, यानाचं इंजिन बंद पडतं. तेलाने माखलेला एक माणूस पाना घेऊन इंजिनखाली घुसतो, काहीतरी पिळतो, यान सुरू होतं आणि पुन्हा त्याचं तोंड दिसत नाही. पाच-सहा सेकंदांचा प्रकार. थिएटर शांत होतं, आणि त्या शांततेत मामांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. चांगल्या सात-आठ. पुढच्या रांगेतल्या झग्यांनी मागे वळून पाहिलं.

नंतर मामा, केदार, मी आणि परस्पर तिथे आलेली प्रज्ञा असे चौघं एका अमृततुल्यमध्ये चहाला बसलो. प्रज्ञा बापाचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती. केदारला राहवलं नाही. "काका, आवाजाचं खटकलं असेल ना तुम्हाला? आकाशात स्फोटाचा आवाज येणार नाही, हे आम्हालाही माहीत आहे."

"मला नाही खटकलं," मामा म्हणाले. "नाटकात मोगल मराठी बोलतो, तेव्हा मी उठून जातो का?"

"मग?"

"एवढं मोठं विश्व दाखवता. लाखो ग्रह. तीन डोळ्यांची माणसं. आणि तिथेही शेवटी रक्तच बघतात?" मामांनी चहाचा घोट घेतला. "ते गाठोडं आम्ही छप्पन साली इथे खाली टाकलं. यांनी उचलून पार वर नेलं."

केदारने आपला रंगवलेला हात टेबलाखाली घेतला. मग मामाच समजुतीच्या सुरात म्हणाले, "तो पानेवाला मात्र चांगला होता. त्याने इंजिन चालू केलं नसतं तर तो राजपुत्र निळा हात घेऊन काय करणार होता? कंदील म्हणून टांगणार होता?"

केदारचे डोळे चमकले. हे तर त्याचं क्षेत्र. "काका, तुम्ही बरोबर ओळखलंत. तो साधा माणूस नाहीच. सिनेमात सांगत नाहीत, पण या मालिकेची पुस्तकं आहेत, त्यातल्या सहाव्यात येतं. तो खरं तर राजाच्या बहिणीचा हरवलेला मुलगा असतो."

प्रज्ञाने डोळे मिटून घेतले. मामांनी कप बशीत ठेवला.

"म्हणजे तोसुद्धा?" ते म्हणाले. एवढं उदास मी त्यांना त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

रिक्षात बसताना मी निकाल विचारला. "रिवर्क," मामा म्हणाले, आणि पँटवरची निळी बोटं कशाला लागू नयेत म्हणून पाय लांब करून बसले.

रिजेक्ट नव्हता, एवढ्यावर प्रज्ञाने आशा धरली. केदार दर रविवारी सकाळी दापोडीला मामांकडे जाऊ लागला. पहिल्या रविवारी तो सिनेमाचा आराखडा घेऊन गेला. म्हणजे एक मोठा कागद, त्यावर राजघराण्याची अकरा पिढ्यांची वंशावळ रंगीत पेनांनी काढलेली. मामांना नीट समजावं म्हणून. मामांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, दोन ठिकाणी मुलगा बापाच्या आधी जन्मल्याचं दाखवून दिलं आणि कागद परत केला. मग फडताळातून मायक्रोमीटर आणि लोखंडी तुकड्यांची एक पेटी काढली. "हे मोज," म्हणाले. केदार दोन तास तुकडे मोजत बसला. मामींनी मध्ये पोहे दिले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी केदारने विचारलं, "काका, हे कोणी बनवलेत?"

"कशाला हवं?"

"सहज."

"कारखान्यात प्रत्येक ट्रेवर कार्ड असायचं," मामा म्हणाले. "कोणी बनवला त्याचं नाव. मी आधी कार्ड पालथं घालायचो, मग जॉब उचलायचो. साहेबाने विचारलं, हे काय? म्हटलं, साहेब, जॉबला बाप नसतो. माप असतं."

हे मला ऐकून माहीत होतं. केदारला माहीत नव्हतं ते एवढंच, की मामा शिकाऊ असताना त्यांचे जॉब मापाआधी कार्ड वाचून परत यायचे. ते मामांनी सांगितलं नाही. प्रज्ञाने नंतर बसमध्ये त्याला सांगितलं. हिंजवडीपर्यंत केदार खिडकीबाहेर बघत होता, आणि तो खिडकीबाहेर बघणारा मुलगा नव्हता.

त्या वर्षी मंडळाने दिवाळी अंक काढायचं ठरवलं. यानपटाच्या चाहत्यांचा दिवाळी अंक, तोही मराठीत. हे फक्त पुण्यात होऊ शकतं. केदारने लेख दिला. विषय: पानेवाला कोणाचाही मुलगा नाही. सहाव्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, पडद्यावर तो एक कामगार आहे, त्याला काम येतं म्हणून यान वाचतं, आणि आपण त्याला राजाचा भाचा करून त्याचं काम त्याच्याकडून काढून घेतो, असं त्याने लिहिलं होतं. मंडळात गदारोळ झाला. एकाने सहावं पुस्तक आणून पान काढून दाखवलं. एक जण म्हणाला, "तू खरा चाहताच नाहीस." अध्यक्ष म्हणाले, लेख मागे घे, नाहीतर चिटणीसपद सोड. केदार म्हणाला, "पद घ्या. लेख राहू दे." मग त्यांनी ठराव मताला टाकला: लेखही नको.

हात वर करून मतदान होतं. केदारचा सोडून सगळे हात वर गेले. त्यातला एक माझा होता. अध्यक्ष माझ्या समोरच बसले होते आणि मूल्यमापन पुढच्या आठवड्यात होतं. हे मी इथे लिहितोय ते प्रामाणिकपणा म्हणून नव्हे; प्रज्ञा हे वाचणार आहे आणि तिला ठाऊक आहे.

केदारने यातलं काही मामांकडे बोलून दाखवलं नाही. तो रविवारी नेहमीसारखा गेला, तुकडे मोजले, पोहे खाल्ले आणि आला. मलाच राहवेना. मी संध्याकाळी मामांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मामा खिडकीत बसून नखं कापत होते.

"किती जण होते?"

"सत्तावीस."

"त्याच्या बाजूने किती?"

"कोणीच नाही."

मामांनी नेलकटर थांबवलं. "तू होतास ना तिथे?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. मामांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि पुन्हा नखं कापायला लागले. नंतर आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "प्रज्ञा, त्या मुलाला सांग, पुढच्या रविवारी आई-वडिलांना घेऊन ये."

मग मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ती रडतेय. तुम्ही जरा हळू सांगायचं की."

"हळूच सांगितलं," मामा म्हणाले.

व्याही एकमेकांना आवडले. दोघांनाही कशाचंच कौतुक नसल्यामुळे त्यांचं छान जमलं. मामा कसबा पेठेत गेले तेव्हा नानांनी त्यांच्यापुढे लाल बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ ठेवला. त्यांच्या घराण्याचा कुळवृत्तांत. साडेतीनशे पानं, सगळी नावं. नाना म्हणाले, "यात आमचं नाव दोनशे एकसष्टाव्या पानावर आहे, आणि तेही चुकीचं छापलंय. केदारचा अकरा पिढ्यांचा कागद आमच्या भिंतीवर लागला तेव्हा मला कळलं, हा रोग आमच्याकडून गेलाय." मामा हसले. मामांना हसवणं ही सोपी गोष्ट नव्हती.

मग पत्रिकेचा विषय निघाला. लग्न रजिस्टर करायचं, मग विहारात वंदना, संध्याकाळी जेवण. केदार उत्साहात होता. त्याने मजकूर तयारच ठेवला होता: फक्त दोन नावं, केदार आणि प्रज्ञा. कोणाचा चिरंजीव नाही, कोणाची नात नाही, गाव नाही, घराणं नाही. त्याने तो वाचून दाखवला आणि मामांकडे पाहिलं. गेल्या सहा महिन्यांच्या रविवारांचा निकाल त्याला एकदाच लागणार होता.

मामांनी कागद मागून घेतला आणि स्वतः एकदा वाचला. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण माझ्या वडिलांचं नाव घाला."

मी म्हटलं, "मामा, तुम्हीच ना म्हणता, जॉबला बाप नसतो?"

"जॉबला नसतो," मामा म्हणाले. "मला होता."

नाना पुढे सरकून बसले. मामा सांगू लागले. असं सलग ते कधी बोलत नसत. त्यांचे वडील सखाराम, लोणी काळभोरचे. गावात असेपर्यंत गावकीची कामं केली. पुण्यात आल्यावर महापालिकेच्या रस्त्यांवर डांबर टाकलं. हजेरीपटावर त्यांचं नाव मुकादम पेन्सिलीने लिहायचा, कारण माणूस कधीही काढून टाकता यायचा. "शाईने कधी लिहिलं नाही," मामा म्हणाले. "छापणं तर दूरच. एकदा छापलेलं बघू दे."

नानांनी कुळवृत्तांत उचलून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "पत्रिकेत पहिलं नाव त्यांचं. आमचं खाली घाला, बारीक अक्षरात. चुकीचं छापलं तरी चालेल, सवय आहे."

छापखाना कसब्यातच, गल्लीच्या टोकाला. प्रूफ बघायला मामा स्वतः गेले, मला सोबत घेऊन. खिशातून भिंग काढलं. छापखानेवाला नव्या पद्धतीचा होता, कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायचा. त्याने सवयीने लिहिलं होतं, कै. सखाराम. मामांनी बोट ठेवलं.

"हे काय?"

"कैलासवासी, काका. गेलेल्या माणसाला लावतात."

"माझे वडील कैलासाला गेले नाहीत. बोपोडीला गेले, जुन्या घरात. कालकथित लिहा."

"कसं लिहितात ते?"

मामांनी त्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्याने ते टाइप केलं. मामांनी पडद्यावर पाहिलं, मग छापून घ्यायला लावलं, मग भिंगाखाली पाहिलं. चूक नव्हती. तरी ते बघत होते. छापखानेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थांबा थोडं.

"किती छापायच्या?" त्याने विचारलं. आमचं दीडशेचं ठरलं होतं.

"पाचशे," मामा म्हणाले.

लग्नाच्या दोन आठवडे आधी, रविवारी, केदारच्या नव्या छोट्या गाडीतून आम्ही तिघं लोणीला गेलो. मामा पुढे, मांडीवर पत्रिकांचं खोकं. मी मागे. गाव आता पूर्वीचं राहिलेलं नव्हतं. हायवेच्या कडेला कॉलेजं, मोटारींची शोरूम, हॉटेलं. मामांनी गाडी आत वळवायला सांगितली आणि एका टोकापासून सुरुवात केली. एकही घर सोडलं नाही. ओळखीचं, बिनओळखीचं, कुलूप लावलेलं असेल तर दाराच्या फटीतून आत. दारात उभे राहायचे, पत्रिका द्यायचे आणि म्हणायचे, "मुलीचं लग्न आहे. यायचं." एवढंच.

शेवटी पाटलांच्या दारात आलो. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आबा म्हणत असावेत त्यांना. मामांनी पत्रिका दिली. आबांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली.

"चष्मा घरात हाय. कोनाचं लगीन म्हनायचं?"

मामांनी केदारकडे पाहिलं. केदारने पत्रिका घेतली आणि ओट्याच्या पायरीवर उभं राहून स्वच्छ, मोठ्या आवाजात वाचली. "लोणी काळभोर येथील कालकथित सखाराम धोंडिबा यांची नात, प्रज्ञा..."

"सखाराम?" आबा कपाळाला आठ्या घालून आठवू लागले. "म्हंजी तो आपला सख्या काय?"

मामा म्हणाले, "सखाराम धोंडिबा."

आतून मिक्सरचा आवाज येत होता. आबांनी हात पुढे केला, केदारकडून पत्रिका परत घेतली आणि न वाचता येणाऱ्या त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"सखाराम धोंडिबा," ते म्हणाले. "बराबर हाय. बसा की. बसा, च्या घ्या."

मामा बसले. चहा झाला. कॉलेजमुळे जमिनीला आलेल्या भावाच्या गप्पा झाल्या. लग्नाला आबा आले नाहीत, पण त्यांचा नातू आला, आहेर घेऊन आला.

परतीच्या वाटेवरही मामा पुढेच बसले होते. मांडीवरचं खोकं आता रिकामं होतं आणि तरी त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं. हडपसरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या त्या सिनेमात, तो कोणाचा मुलगा ते सगळ्यांना कळतं, तेव्हा लोक उठून टाळ्या वाजवतात. मला ते कळत नव्हतं. आज थोडं कळलं."

केदारने मान वळवली. त्याच्या आवाजात मावत नव्हता एवढा आनंद होता. "म्हणजे आवडला, काका?"

"नाही," मामा म्हणाले. "कळलं म्हणालो. सिग्नल सुटलाय, पुढे बघ."